देवगडएवढी इस्कंदरिया

ताईचे थोरले दीर, आमचे दादा, उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलले. पण ते इतकं ऐसपैस बोलले की त्यात ट्रामगाड्या, मशिदी आणि बंदरासकट एक अख्खं शहर मावलं. बाकीची माणसं जन्मभर किरकोळ खोटं बोलत राहतात. ताप आलाय, पत्र पोचलं नाही, आत्ता तुमच्याकडेच निघालो होतो, असलं. दादांना हे फुटकळ काम जमायचं नाही. मासा शिळा असेल तर विकणाऱ्याच्या तोंडावर शिळा म्हणायचे आणि स्वतःच्या हातून पंप बिघडला तर साहेबाच्या तोंडावर बिघडला म्हणायचे. फक्त इस्कंदरियाच्या, म्हणजे आपण भूगोलात ज्याला अलेक्झांड्रिया म्हणतो त्या शहराच्या बाबतीत, त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि ते पुढे कधीच त्यांना मिटता आलं नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, हे मी कुणी न विचारताही सांगतो. वडील गुऱ्हाळावर कढईत गूळ ढवळायचे, त्यांच्या अंगाला गुळाचा आणि माझ्या अंगाला बीएस्सीचा वास शेवटपर्यंत राहिला. ताईला एसटीत कंडक्टर असलेल्या देवगडकराला दिलं, आणि त्या कंडक्टर दाजींचे हे मोठे भाऊ. त्यांनीच मला कतारला बोलावून घेतलं. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात पंप दुरुस्त करणारी आमची कंपनी. दादा तिथे फिटर, सातवी पास, आणि मी स्टोअरमध्ये क्लार्क, पदवीधर. दोह्यात फरीज बिन ओमरानमधल्या एका खोलीत आम्ही चौघे मराठी राहायचो. पहिल्याच आठवड्यात मी माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. दादांनी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि म्हणाले की खिळा मजबूत ठोकलाय. दुसऱ्या दिवशी त्या खिळ्याला सुक्या बोंबलांची माळ लटकत होती. मी तक्रार केली तर म्हणाले, "मेल्या बीएस्सी, कागद वास घेता काय?" त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सी पडलं.

दादांचा खरा धर्म म्हणजे बोट. लहानपणापासून मुंबई-देवगड कोकणबोटीने केलेला प्रवास त्यांच्या अंगात इतका मुरला होता की कोरड्या जमिनीवरही ते बोटीतच असल्यासारखे वागायचे. विमानाचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यात बसलेला माणूस निघाला कधी आणि पोचला कधी हे त्याच्या पोटालाच कळत नाही, मग त्याला प्रवास कसा म्हणायचा, असा त्यांचा सवाल असे. खोलीतल्या दुमजली खाटांपैकी वरच्या खाटेला ते वरचा डेक म्हणत. सकाळी दारात उभं राहून बोट ओलं करून वाऱ्यावर धरत आणि समोर मैलभर वाळू पसरलेली असताना गंभीरपणे सांगत की आज वरचा वारा आहे, बोट उशिरा लागेल. आणि त्यांची ती निळ्या पट्ट्यांची चादर. कोकणबोटीत डेकवर आधी चादर पसरेल त्याची जागा, हा कायदा. दादांनी तो कतारभर लागू केला. दवाखान्यात बाकावर चादर, सिनेमाला गेलो तर खुर्च्यांवर चादर. एकदा परवान्यावर शिक्का मारून घ्यायला सरकारी कचेरीत गेलो, तर हे दार उघडल्याबरोबर मुसंडी मारून आत, आणि अख्ख्या बाकावर चादर पसरून आम्हा तिघांना हाका मारायला लागले. शिपाई आला, चादरीकडे बघत राहिला. दादांनी थोडं सरकून त्यालाही जागा करून दिली. तो बिचारा बसला.

मासळी बाजारात त्यांना नेणं म्हणजे पोलीस तपासाला हजर राहणं होतं. माशाचे कल्ले उघडून आत बघायचे, डोळ्याला डोळा भिडवायचे, पोटाला बोट लावून वर करायचे आणि मग त्याला मालवणीत विचारायचे की कधीचा आहेस रे. तिथल्या लोकांचा लाडका हामूर त्यांच्या लेखी चवीला बेताचा पण स्वभावाने बरा. आणि एवढं झाल्यावर पिशवी उचलता उचलता शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "इस्कंदरियाक असतो तसलो मासो हय नाय."

इथे इस्कंदरियाचं सांगितलं पाहिजे.

मी जायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, हा इजिप्तचा माणूस, नुकताच कामावर आला होता. त्याच आठवड्यात दादांनी एका मोठ्या पंपाचा पंखा उलटा बसवला, दांडा मोडला, आणि दादांनी नेहमीप्रमाणे जाऊन सांगितलं की मी मोडला. मुदीरने एकच शब्द उच्चारला, खलास. आणि त्याचा अर्थ मुंबईचं तिकीट असा होता. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. दादा केबिनमध्ये उभे, आणि भिंतीवर एका वळणदार समुद्रकिनाऱ्याचा फोटो. चहा करणाऱ्या सुदानी म्हाताऱ्याने त्यांना सकाळीच सांगितलं होतं की नवा साहेब इस्कंदरियाचा आहे आणि गावाच्या आठवणीने अर्धा झालाय. दादांनी फोटोकडे बोट केलं आणि मोडक्या अरबी-हिंदीत म्हणाले, इस्कंदरिया? मी गेलोय. बोटीतून. खलाशी होतो तेव्हा. मुदीर उठला होता तो परत बसला. चहा आला. दुसरा चहा आला. तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी काम संपल्यावर मुदीर त्यांना केबिनमध्ये बोलावायचा आणि दोघं इस्कंदरियात हिंडून यायचे. इतकी वर्षं काम करून कुणाला न मिळालेला मान दादांना मिळाला. दादांनी शब्द टाकला की माणसाची रजा मंजूर, आजारी माणसाला हलकं काम. आमच्यातल्या एकाची आई वारली तेव्हा दोन तासांत त्याचा कंपनीत जमा असलेला पासपोर्ट हातात पडला तो दादांमुळे. आणि खोलीत आम्हाला रोज संध्याकाळी इस्कंदरियाचं पुराण. दुमजली ट्राम. ट्रामच्या खांबापासून उजवीकडे मशिदीचा नळ, मग शिंपी, मग तिसरी गल्ली, आणि तिच्या तोंडाशी निळ्या दरवाजाचं माशाचं दुकान, तिथला तळलेला मासा. मी सायन्सचा माणूस, पुरावा मागायचो. फोटो नाही, कागद नाही, हे कसं? दादा म्हणायचे, "तुज्याकडे पुरावो आसा, भिंतीर टांगलेलो. खाऊन बघ कसो लागता तो."

मग एका उन्हाळ्यात ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातल्या एका कारखान्यातून पंपाचे सुटे भाग तपासून घ्यायचं काम निघालं. तपासायला फिटर हवा आणि कागद वाचायला इंग्रजी येणारा, म्हणून दादा आणि मी. मुदीर तेव्हा रजेवर स्वतःच्या गावी चालला होता. त्याने टेबलावर थाप मारून सांगितलं की परत विमानाने येऊच नका. पिरेयसहून इस्कंदरियाला बोट जाते, तिने या, मी धक्क्यावर उभा राहतो, दोन दिवस माझ्याकडे राहा आणि कैरोहून दोह्याला जा. आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, या वेळी मी बोलणार नाही, तू मला तुझी इस्कंदरिया दाखवायची.

दहा वर्षं बोटीसाठी झुरणारा माणूस. आम्हाला वाटलं आता नाचेल. पण दादा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना कंबरेत उसण भरली. तिसऱ्या दिवशी कंपनीने प्रवासासाठी दिलेला पासपोर्ट सापडेना. मी तो तांदळाच्या डब्यातून काढून दिला. चौथ्या दिवशी म्हणाले की वारा बरा नाही. मी म्हटलं, दादा, तो वारा इथला आहे, बोट तिथली आहे. ते माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मी त्यांच्या पोटावर पाय दिलाय.

पिरेयसचं काम दोन दिवसांत उरकलं. बोटीवर चढताना मात्र दादा सगळं विसरले. शिडी लागली मात्र, ते काखेत चादर मारून एवढ्या लोकांतून असे घुसले की मी खाली बॅगा सांभाळत उभा, आणि वरून हाक: "बीएस्सी! आडोशाक जागा धरलंय!" कंपनीने आम्हाला केबिनची तिकिटं दिली होती. सुटाबुटात उभा असलेला पदवीधर मी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वर जाऊन बघतो तर सगळा डेक चादरींनी भरलेला. ग्रीसमध्ये मजुरी करून गावाकडे निघालेले इजिप्तचे लोक, शेजारी पंखे, गाद्या, गुंडाळलेले गालिचे, आणि मधोमध निळे पट्टे पसरून दादा. केबिन त्यांनी एकदा वाकून पाहिली आणि कपाट म्हणून दार लावून घेतलं. दुपारी त्यांनी बोंबील काढले. आजूबाजूचे दोघं-तिघं चादर उचलून लांब गेले. उरलेल्यांपैकी एकाने चव घेतली आणि संध्याकाळपर्यंत तो आणि दादा एकमेकांच्या मुलांची नावं पाठ म्हणत होते.

दोह्यातल्या केरळी दुकानातून आणलेला एक नारळही त्यांच्या पिशवीत होता. जमीन दिसेनाशी झाली तसे ते कठड्याशी गेले, नारळाला कुंकू लावलं, आणि टाकणार एवढ्यात एका ग्रीक खलाशाने हात धरला. पाण्यात कचरा टाकायला मनाई. दादांनी त्याला पाण्याकडे बोट केलं, मग वर बोट केलं, मग स्वतःच्या छातीला हात लावला आणि हात जोडले. तो मनुष्य दोन क्षण थांबला आणि हात सोडून त्याने पाठ केली. पाठ केलेल्या माणसाला काही दिसत नाही, हे बहुधा सगळ्या समुद्रांवर चालत असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किनारा येणार असं कळलं. मी तोंड धुऊन आलो, तर दादा कठड्याशी तयार. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधून ते गळ्यात, चादर डोक्यावर. मी विचारलं हे काय? तर म्हणाले, पडाव आला की पाण्यात उतरायला लागेल. कोकणबोट देवगडला धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची, मग पडाव, म्हणजे होड्या, यायचे, त्यात उड्या टाकायच्या आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून चालत किनारा गाठायचा. दादांच्या हिशेबात धक्का मुंबईला. पिरेयस म्हणजे ग्रीकांची मुंबई. बाकी जगात सगळीकडे पडाव.

तेवढ्यात ती दिसायला लागली. आधी एक पांढरी रेघ, मग रेघेला खिडक्या फुटल्या, मग इमारतीमागे इमारत, मैलच्या मैल. बोट पुढे जाईल तसं शहर दोन्ही बाजूंनी पसरतच चाललं, संपेना. क्रेन, गोदामं, आमच्या बोटीहून मोठ्या बोटी धक्क्याला चिकटून उभ्या. मी दादांकडे पाहिलं.

"ह्या एवढा मोठा आसा?" ते म्हणाले.

मी बीएस्सी असलो तरी एवढं मला बीएस्सी नसतानाही कळलं असतं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही इथे कधी आलाच नव्हतात."

त्यांनी चादर खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. आणि मग सगळं सांगितलं. उलटा पंखा, बहिणींची लग्नं, भिंतीवरचा फोटो. खलाशी वगैरे ते कधी नव्हतेच. पुढची इस्कंदरिया सगळी मुदीरचीच. तो एका गुरुवारी ट्रामचा खांब सांगायचा, पुढच्या गुरुवारी हे तो खांब स्वतः पाहिल्यासारखा त्याला परत करायचे, वर आपल्याकडचा थोडा वारा आणि थोडी मासळी घालून. "तो बोलताना एक गल्ली, एक दुकान, चार होडये, मासे सुकत घालणारी मावशी," दादा म्हणाले, "माका वाटला देवगडाएवढाच असतला."

मग माझा हात धरला. म्हणाले, मुदीराक सांगू नको. नोकरी गेली तर गेली, बहिणी केव्हाच उजवल्या. पण दहा वर्षं त्या माणसाला गावचं बोलायला दुसरं कोणी नाही. त्याला कळलं की समोर बसलेला सोंग करत होता, तर तो कुणाशी बोलेल?

मी तेव्हा तरुण होतो आणि खरं बोलण्याचा मला भयंकर अभिमान होता. वडिलांनी गूळ ढवळला पण वजनात कधी खोट केली नाही, हे मी ऐकवलं. म्हटलं, दादा, मी आपणहून सांगणार नाही, पण मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. बोट सरळ जाऊन धक्क्याला लागली. दादांनी घाईघाईने पॅंट खाली ओढली ती एकाच पायाची. दुसरा गुडघा उघडा ठेवूनच ते शिडी उतरले. खाली मुदीर हात पसरून उभा. त्याने दादांना मिठी मारली, त्या उघड्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, यल्ला, चल, तुझ्या माशाच्या दुकानात.

दादा पुढे, मुदीर मागे, त्याच्यामागे बॅगा घेऊन घामाघूम मी. मुदीरने गाडीने ट्रामच्या खांबापर्यंत आणून सोडलं आणि खरंच तोंड मिटून घेतलं. दादांनी डोळे किलकिले केले आणि पाढे म्हणावेत तसं पुटपुटत निघाले. उजवीकडे. मशिदीचा नळ, होता. शिंपी, होता, मशीन नवं होतं एवढंच. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी. मी हे कबूल करतो की तिसऱ्या गल्लीशी पोचेपर्यंत मलाच वाटायला लागलं की हे इथे आले असावेत. आणि गल्लीच्या तोंडाशी निळा दरवाजा नव्हता. लोखंडी शटर होतं आणि आत प्लॅस्टिकच्या चपला टांगलेल्या होत्या.

दादा थांबले. चपलांकडे बघत आधी स्वतःशी आणि मग मुदीरला अरबीत म्हणाले, "निळो दरवाजो हय होतो."

मुदीर त्या शटरकडे बघत राहिला, मग दादांकडे. मग त्याने अरबीत विचारलं, निळा म्हणजे कसला निळा?

हे त्याने दादांना कुठल्याच गुरुवारी सांगितलं नव्हतं. ते मला दादांच्या ताठ झालेल्या मानेवरून कळलं. मी मनात म्हटलं, खलास. पण दादांनी फार वेळ घेतला नाही. जमिनीपासून वीतभर वर हात धरला आणि त्यांच्या त्या मोडक्या अरबीत म्हणाले की जुना निळा; इथपर्यंत रंग उडालेला, खारं लागून; आणि पावसाळ्यात फुगायचा, मग खांदा लावल्याशिवाय उघडत नसे.

मुदीर म्हणाला, "सहीह." बरोबर. एवढंच म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागला. आणि चष्मा पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी दादा आतल्या बायकांना मासा कसा चिरायचा हे शिकवत असताना मुदीर मला गच्चीत घेऊन गेला. इंग्रजीत म्हणाला की ते दुकान बंद झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. दादा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे दुकान बंद झालं तेव्हा खलाशी दादा देवगडच्या शाळेत दुसरीत होते. मुदीरने मला वजाबाकी करताना पाहिलं. तो म्हणाला, माझ्या भावांना विचारलं, तो दरवाजा त्यांच्यापैकी एकालाही आठवत नाही. हा एकच माणूस आहे. तू त्याला यातलं काही सांगायचं नाहीस.

मी म्हटलं, मला विचारलं तर मी खोटं बोलत नाही. तो म्हणाला, इन्शाल्ला विचारणार नाही.

परत आल्यावर गुरुवार पूर्वीसारखेच चालू राहिले. दादांनी खरी इस्कंदरिया दोन दिवस पायी पाहिली होती, पण केबिनमध्ये आणि खोलीत ते सांगायचे ती जुनीच. मैलच्या मैल इमारतींचं शहर त्यांच्या बोलण्यात कधी आलं नाही. पुढे मुदीर निवृत्त होऊन गावी गेला, दादाही देवगडला परतले, कोकणबोट तर आधीच बंद पडली होती. मी उरलो, लग्न केलं, मुलं इंग्रजी शाळेत घातली; पदवीची फ्रेम अजून भिंतीवर आहे आणि तिच्या काचेला आतून बोंबलाचा वास कसा गेला हे सायन्सला सांगता आलेलं नाही.

परवाच्या रजेत देवगडला ताईकडे गेलो होतो. दादा पडवीत खाटेवर होते, पाय गेलेले, खाटेवर तीच चादर, पट्टे पुसट झालेले. गावातली पोरंसोरं त्यांच्या इस्कंदरियाला आता उघड हसतात, आणि गंमत म्हणजे आता ते खरोखरच जाऊन आलेले आहेत. मुदीर वारल्याचं पत्र आलं होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी समुद्राच्या बाजूला तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तेका शेवटपर्यंत कळला नाय मा रे, बीएस्सी?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही दादा," मी म्हटलं. "कधीच नाही."

"आणि दरवाजो निळोच होतो मा?"

"निळाच. खालून रंग उडालेला."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. निघताना मी पडवीच्या दाराकडे पाहिलं. ते हिरवं होतं. पण जमिनीपासून वीतभर रंग उडालेला होता, आणि उघडताना मला खांदा लावावा लागला.